प्लग निघालेले चौदा तास: गोठवलेला माल परदेशी पाठवणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

गेल्या सव्वा वर्षात आमच्या छोट्या उत्पादन केंद्रातून पाच वेळा खाद्यपदार्थ परदेशी गेले. तीन वेळा ते विमानाने, उष्णतारोधक खोक्यांतून गेले आणि दोन वेळा समुद्रमार्गे, चाळीस फुटी रीफर कंटेनरमधून, म्हणजे विजेवर चालणारे शीतयंत्र बसवलेल्या कंटेनरमधून. पाचही वेळा पाठवणीचे काम एकाच फॉरवर्डिंग कंपनीकडे, म्हणजे वाहतूक आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या कंपनीकडे होते. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडली आहे तिचा आमच्यात निकाल लागलेला आहे. मात्र थंड किंवा गोठवलेला माल प्रथमच देशाबाहेर पाठवू पाहणाऱ्याने अशा सेवेत नेमके काय तपासावे, हे कळण्यासाठी आमचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. अशा सेवांच्या माहितीपत्रकांत शीतगृहांची आणि चकचकीत कंटेनरांची छायाचित्रे असतात, पण यंत्र सुरू असते तोवर माल सहसा बिघडत नाही. ट्रकमधून माल उतरवताना, विमानतळाच्या धावपट्टीलगत पॅलेट (खोकी रचलेली फळी) उभे असताना, जहाज बदलताना कंटेनरचा प्लग काढलेला असताना जे तास जातात, ते कोण मोजतो आणि मोजून कोणाला कळवतो, यावरून सेवेची पारख करावी. या कसोटीला ही कंपनी चार वेळा उतरली आणि एकदा सपशेल नापास झाली.

पहिल्याच फोनवर त्यांच्या निर्यात विभागातील बाईंनी आम्हाला तासभर प्रश्न विचारले. दराचा विषय शेवटी निघाला. माल किती तापमानाला बाहेर पडतो, असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही फ्रीझरच्या पाटीवरचा आकडा सांगितला: उणे १८ अंश सेल्सिअस. त्यावर त्यांनी सांगितले की तो आकडा फ्रीझरमधल्या हवेचा आहे. खोक्याच्या मधोमध दोन पाकिटांच्या फटीत प्रोबची (तापमान मोजणाऱ्या उपकरणाची) सुई सरकवा, पाकिटे घट्ट दाबून धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. आम्ही तसे केले. आकडा उणे १४ वर थांबला. आदल्या दिवशी भरलेला माल आतपर्यंत गोठलाच नव्हता. बाईंनी पाठवणी दोन दिवस पुढे ढकलायला लावली. रीफर असो वा खोके, ते आहे तो थंडावा टिकवते. कोमट माल थंड करण्याची ताकद त्यात नसते, हे त्यांनी त्या दिवशी आमच्या मनावर ठसवले. हातात आलेले काम दोन दिवस लांबवणारा फॉरवर्डर मला त्याआधी भेटला नव्हता.

उणे १८ या आकड्याबद्दल येथे थोडे लिहिणे आवश्यक आहे. साधारण उणे १० च्या खाली सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, परंतु विकरांचे (एन्झाइमांचे) काम आणि स्निग्धांशाचे खवट होणे मंद गतीने सुरूच राहते. त्यामुळे साठवणीसाठी त्याहून खालचे तापमान लागते आणि जलद गोठवलेल्या पदार्थांसाठी कोडेक्स या अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत उणे १८ हाच आकडा आहे. फॅरनहाइट मोजपट्टीवरचा शून्य म्हणजे जवळपास हेच तापमान, आणि चुकीची एक मोठी शक्यता इथेच दडलेली आहे. बुकिंगच्या कागदावर नुसते ‘०’ लिहिले आणि एकक लिहायचे राहिले, किंवा ‘१८’ च्या मागचे उणे चिन्ह टंकताना सुटले, तर यंत्र सांगितलेले तापमान इमानेइतबारे राखते आणि माल वाया जातो. ही कंपनी प्रत्येक बुकिंगनंतर फोन करून ‘उणे अठरा, सेल्सिअस’ असे शब्दांत वाचून दाखवते आणि बिल ऑफ लेडिंगवरही (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवरही) तेच शब्द घालून घेते.

पहिली पाठवणी विमानाने गेली: पंधरा किलो गोठवलेला माल, जाड पॉलियुरेथेनच्या खोक्यात, सोबत बारा किलो ड्राय आइस. ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. त्याचे उणे ७८.५ अंशांना थेट वायूत रूपांतर होते आणि तसे होताना एक किलो ड्राय आइस सुमारे ५७१ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. साधा बर्फ वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल शोषतो. शिवाय साधा बर्फ वितळतो शून्य अंशाला. गोठवलेले पदार्थ त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडू लागतात, म्हणून पाण्याच्या जेल पॅकवर गोठवलेला माल पाठवणे म्हणजे तो वितळवत पाठवणे होय. ड्राय आइस वापरायचा नसेल तर मिठाच्या द्रावणाचे, उणे २१ च्या आसपास वितळणारे पॅक मिळतात, पण त्यांचे वजन मालाच्या वजनाला भारी पडते.

ड्राय आइसची दुसरी बाजूही कंपनीने नीट सांभाळली. एका किलोपासून पाचशे लिटरांहून अधिक वायू तयार होतो, त्यामुळे खोके हवाबंद करता येत नाही; केल्यास ते फुटू शकते. विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात होते. खोक्यावर ‘यूएन १८४५’ हा क्रमांक, नवव्या वर्गाचे लेबल आणि ड्राय आइसचे निव्वळ वजन किलोमध्ये लिहिलेले असावे लागते. हे सगळे तर त्यांनी केलेच, शिवाय झाकणाच्या आतल्या बाजूला प्राप्तकर्त्याच्या भाषेत छापलेले एक पत्रक चिकटवले: हातमोजे घालून उघडा, खिडकी उघडी ठेवा, उरलेला ड्राय आइस बंद खोलीत किंवा मोरीत टाकू नका. प्रवास अठ्ठेचाळीस तासांचा असताना खोके त्यांनी शहाण्णव तासांच्या हिशेबाने भरले होते. तेव्हा आम्हाला तो वाढीव खर्च वाटला. तिसऱ्या पाठवणीत त्याची किंमत कळली.

दुसरी पाठवणी थंड मालाची होती, गोठवलेल्या नव्हे, आणि माझ्या मते हे काम गोठवलेल्या मालापेक्षा अवघड आहे. गोठवलेला माल उणे २२ झाला तरी बिघडत नाही. थंड मालाला शून्य ते चार अंशांच्या अरुंद पट्ट्यातच राहावे लागते. वर गेला तर जिवाणू वाढतात, आणि लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रिजच्या तापमानातही हळूहळू वाढत असल्याने केवळ ‘थंड लागतो’ एवढ्यावर विसंबता येत नाही. खाली गेला तर पदार्थ कडेने गोठतो आणि पाणी सुटून त्याचा पोत बिघडतो. फ्रीझरमधून काढलेले जेल पॅक थेट मालाला लावले तर हेच होते. कंपनीच्या गोदामात जेल पॅक आधी बाहेर मांडून ठेवतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे पांढरे दव विरघळून पाण्याचे थेंब दिसू लागले आणि पॅक हलवल्यावर आत किंचित खळखळ ऐकू आली, की मगच ते खोक्यात जातात. मी ते स्वतः उभे राहून पाहिले आहे. माल पोहोचला तेव्हा आतल्या लॉगरवर (तापमानाची सतत नोंद ठेवणाऱ्या छोट्या उपकरणावर) ३.४ अंश होते आणि संपूर्ण प्रवासात आकडा चारच्या वर गेला नव्हता. धावपट्टीलगत पॅलेट पाऊण तास उभे होते, तेव्हा त्यावर परावर्तक आच्छादन घातले होते, याचे छायाचित्र त्यांनी न मागता पाठवले.

याच मालाची मोठी खेप समुद्रमार्गे पाठवण्याचा विचार आम्ही बोलून दाखवला होता. आमच्या थंड पदार्थाचे आयुष्य एकवीस दिवसांचे. जहाजाच्या प्रवासाचे आणि दोन्ही बंदरांतले दिवस धरले, तर दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत हाती काहीच उरत नव्हते. कंपनीने ते काम घेतले नाही.

तिसऱ्या वेळी चूक आमची होती. आरोग्य प्रमाणपत्रावर मालाचे निव्वळ वजन बरोबर होते, पण आमच्या बीजकावर ड्राय आइसचे वजन त्यात मिळवले गेले होते. दोन कागदांवर दोन वजने दिसल्यावर सीमाशुल्क विभागाने खोकी अडवून ठेवली, आणि पुढचे दोन दिवस सुट्टीचे निघाले. खाद्यपदार्थांच्या आयातीत कागद मालाच्या आधी पोहोचावे लागतात, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत २००२ च्या कायद्यान्वये खाद्यपदार्थांची पूर्वसूचना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते: माल विमानाने येत असेल तर किमान चार तास आधी, जहाजाने येत असेल तर आठ तास आधी. युरोपीय संघात प्राणिजन्य पदार्थ ठरावीक सीमा-तपासणी चौक्यांमधूनच आत येतात आणि उत्पादन केंद्र त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत असावे लागते. घरगुती पार्सलाला यातून सूट मिळेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मांस आणि दुधाचे पदार्थ बहुतेक देशांतून युरोपीय संघात खासगी पार्सलानेही नेता येत नाहीत. कंपनी अशी पार्सले घेतच नाही आणि तसे पहिल्याच फोनवर सांगते.

अडकलेल्या खोक्यांसाठी त्यांनी जे केले, त्यामुळे मी त्यांच्याकडे टिकून राहिलो. विमानतळावरच्या शीतगृहात त्यांच्या माणसाने दुसऱ्या दिवशी परवानगी काढून प्रत्येक खोक्यात नवा ड्राय आइस भरला, भरण्यापूर्वी उरलेल्याचे वजन केले आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवले. आम्ही प्रत्येक खोक्यात पाण्याने अर्धी भरलेली, उभी ठेवून गोठवलेली छोटी बाटली आडवी घालतो. आतला बर्फ वाटेत वितळून पुन्हा गोठला असेल तर तो बाटलीच्या लांबीला पसरतो. वितळला नसेल तर बुडाशीच उभा राहतो. प्राप्तकर्त्याने पाठवलेल्या छायाचित्रात सर्व बाटल्यांमधला बर्फ बुडाशी होता. बाटलीवरून माल वितळला की नाही एवढेच कळते, उणे १८ राहिले की उणे ८ झाले हे कळत नाही; त्यासाठी लॉगरच हवा. तरीही खोके उघडणाऱ्या माणसाला यंत्राशिवाय एका नजरेत समजणारी दुसरी खूण मला माहीत नाही.

चौथी पाठवणी पहिला रीफर होता. कंटेनर रिकामा येण्यापूर्वी त्याच्या यंत्राची प्रवासपूर्व तपासणी झालेली असते. तिचा कागद मागून घ्यावा, आम्हाला तो मिळाला. माल भरण्याआधी कंटेनर चालू करून थंड करून ठेवावा अशी आमची कल्पना होती. कंपनीच्या पर्यवेक्षकाने ती खोडून काढली. गोदामाचे दार आणि कंटेनरचे दार यांच्यामध्ये बंदिस्त थंड मार्ग नसेल, तर थंडगार कंटेनर उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरते, तिचे पाणी भिंतींवर आणि यंत्राच्या थंड नळ्यांवर साचून गोठते, आणि प्रवासाची सुरुवातच बर्फाने तुंबलेल्या यंत्राने होते. म्हणून भरताना यंत्र बंद ठेवले आणि माल उणे २० ला आणून पन्नास मिनिटांत भरला.

रीफरमध्ये हवा खालून येते. जमिनीला इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या लांब पट्ट्या असतात, त्यांच्या खाचांमधून थंड हवा दारापर्यंत जाते, मालाच्या कडेने वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. आतल्या भिंतीवर एक लाल रेघ असते. तिच्या वर एकही खोके रचायचे नसते, कारण परतीच्या हवेची वाट तिथे असते. गोठवलेल्या मालात खोकी एकमेकांना भिडवून रचतात आणि बाहेरची हवा आत घेणारी झडप पूर्ण बंद ठेवतात. ताज्या फळांच्या कंटेनरमध्ये मात्र हवा मालातून खेळावी लागते आणि झडप थोडी उघडी ठेवावी लागते. हवेच्या या वाटेचे महत्त्व फार जुने आहे. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले. वाटेत थंड हवा नीट खेळत नाही असे दिसल्यावर कप्तान स्वतः आत सरपटत गेला आणि त्याने करवतीने हवेसाठी आणखी भोके पाडली. तो गारठून बेशुद्ध पडायच्या बेतात होता. खलाशांनी त्याला दोराने बाहेर ओढले. माल लंडनला चांगल्या स्थितीत पोहोचला. लाल रेघेच्या वर ‘एक थर बसेल की’ असे म्हणणाऱ्या आमच्या हमालांना मी ही गोष्ट सांगितली, आणि तो थर खाली राहिला.

एवढी काळजी घेऊनही हीच पाठवणी बिघडली. मधल्या बंदरात कंटेनर एका जहाजावरून उतरून दुसऱ्यावर चढायचा होता. दोन्हींच्या मध्ये तो आवारात प्लगविना उभा राहिला. कंपनीकडून आम्हाला रोजच्यासारखाच निरोप आला: सरासरी तापमान उणे १७.६, सर्व ठीक. माल पोहोचल्यावर आम्ही दाराजवळच्या वरच्या खोक्यात ठेवलेला आमचा स्वतःचा लॉगर उघडला, तेव्हा आलेखाची रेघ चौदा तास वर चढत जाऊन उणे ११ ला टेकलेली दिसली. यंत्र स्वतःच्या नळ्यांवरचे बर्फ काढते तेव्हाही आलेखात छोटे उंचवटे येतात, पण ते काही मिनिटांचे असतात. हा डोंगर होता. मधल्या खोक्यांना धक्का लागला नव्हता. दाराकडच्या दोन रांगांत मात्र पाकिटांच्या आत बारीक बर्फाची साय धरली होती आणि सुटे असायला हवेत ते तुकडे एकमेकांना चिकटून गड्डे झाले होते. हा माल खाऊन कोणी आजारी पडले नसते, परंतु तो आमच्या नावाने विकण्याजोगा राहिला नव्हता. प्राप्तकर्त्याने तो वेगळा काढला, आणि त्याचे काही चुकले नाही.

प्लग निघणे ही दुर्घटना मी समजू शकतो. सरासरीचा आकडा पाठवून ते चौदा तास झाकले जाणे मी समजू शकत नाही. तीस दिवसांच्या सरासरीत चौदा तास विरघळून जातात. मालात विरघळत नाहीत. आम्ही कंटेनरच्या नियंत्रकातली मूळ नोंद मागितली तर ती द्यायला अकरा दिवस लावले. समुद्रवाहतुकीत बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना प्रचलित हेग-व्हिस्बी नियमांनुसार माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते, आणि हवाई मालासाठी १९९९ च्या माँट्रियल करारात चौदा दिवस आहेत; आमचा लॉगर नसता तर मुदत कधीच टळून गेली असती. विम्यानेही हात वर केले, कारण आमच्या पॉलिसीत यंत्र सलग चोवीस तास बंद राहिले तरच भरपाई होती. ते कलम आम्ही सही करण्याआधी वाचायला हवे होते, आणि ते वाचून दाखवणे हे माल हाताळणाऱ्या कंपनीचेही काम होते असे माझे ठाम मत आहे.

भांडणाचा तपशील सांगण्याजोगा नाही. अखेर कंपनीने माहिती उशिरा दिल्याचे लेखी मान्य केले आणि त्या खेपेचा आपला सेवाआकार परत केला. मालाचे नुकसान आम्ही सोसले.

पाचव्या पाठवणीला आम्ही तीन अटी घातल्या: सरासरीऐवजी दर तासाची नोंद मिळावी, उणे १५ च्या वर गेल्यास लगेच फोन यावा, आणि जहाज बदलणाऱ्या मार्गाऐवजी थेट जाणारा मार्ग निवडावा, मग तो सहा दिवस उशिराचा असला तरी चालेल. गोठवलेल्या मालाला सहा दिवस जड नसतात. तिन्ही अटी पाळल्या गेल्या. पोहोचण्याच्या बंदरात कंटेनर जहाजावरून उतरला त्या रात्री तीन वाजता मला फोन आला: प्लग निघून चाळीस मिनिटे झाली आहेत, आवारातील जोडणी रिकामी होण्याची वाट पाहत आहोत, आता उणे १९ आहे. वीस मिनिटांनी दुसरा फोन आला की प्लग लागला. चौथ्या खेपेला हाच फोन आला असता तर दोन रांगा वाचल्या असत्या.

छोट्या खेपा विमानाने पाठवणाऱ्यांना मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन; खोके भरण्यात आणि कागदांच्या बाबतीत त्यांच्याइतकी काळजी घेणारे मी तरी पाहिलेले नाहीत. रीफरसाठी मात्र वरच्या अटी बुकिंगच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय माल देऊ नये. आमची सहावी खेप पुढच्या महिन्यात त्यांच्याकडूनच जाणार आहे. आमचा लॉगर याही वेळी दाराकडच्या वरच्या खोक्यात असेल, आणि या वेळी दुसरा एक लॉगर त्यांनी स्वतःहून त्याच रांगेत ठेवायला दिला आहे.